फेसाचं घर

एका भाताच्या खाचरात एक मासा राहत होता. बोटाएवढाच, पण निळ्या-तांबड्या रेशमाची चिंधी पाण्यात पडावी तसा देखणा. स्वभावाने मात्र तापट. भाताच्या चार काड्यांमधली वीतभर जागा त्याची. तिथे कुणी नुसतं डोकावलं तरी तो पंख फुलवून अंगावर जाई. मोठे बेडूकसुद्धा लांबून वळसा घालत.

त्या काड्यांमध्ये त्याने फेसाचं घर बांधलं होतं. वर जाऊन हवेचा घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, बुडबुडा करून सोडायचा. असे शेकडो बुडबुडे. मादीने अंडी घातली आणि त्याने तिलाही हाकलून दिलं. मग एकट्याने राखण सुरू झाली. अंडं खाली निसटलं की तोंडात झेलायचं आणि परत फेसात ठेवायचं. ना खाणं, ना विसावा.

अंड्यांतून पिल्लं आली. चार दिवसांनी ती पोहू लागली, तरी बापाचं झेलणं थांबेना. पिल्लू काड्यांबाहेर गेलं की हा तोंडात धरून परत आणी. एक पिल्लू फारच हट्टी. दिवसातून दहादा पळे, दहादा धरून आणलं जाई. बाकीची मात्र शहाणी झाली होती. जरा भीती वाटली की फेसाखाली गोळा होऊन बसत.

शेजारी बांधाच्या बिळात एक म्हातारी खेकडीण होती. तिने आपली पिल्लं पोटाखाली वागवली होती आणि वेळ झाल्यावर सोडूनही दिली होती. ती एक दिवस मुद्दाम त्याच्या हद्दीपाशी आली.

"भावोजी, लोंब्या वाकल्यात," ती म्हणाली. "आता माणूस कापणीसाठी बांध फोडून पाणी सोडेल. पोरांना ओढ्याची वाट दाखवा."

"बाहेर बगळा आहे. माझ्या डोळ्यांपुढे आहेत तोवर ती जिवंत आहेत."

"तुमचे डोळे कुठवर पुरणार?"

माशाला वाटलं, हिचा डोळा आपल्या जागेवर आहे. तो पंख फुलवून धावून गेला. "मी काय तुमची वीतभर जागा डोक्यावर घेऊन जाणार आहे?" असं पुटपुटत खेकडीण बिळात शिरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बांधावर कुदळ पडली. पाणी घळघळ ओढ्याकडे धावू लागलं. मासा घाबरला. त्याने पिल्लं तोंडात भरली. दहा मावली, बारा मावली. फेसाखाली अजून कितीतरी होती. पाणी तर बघता बघता उतरत होतं.

त्याने तोंडातली पिल्लं सोडली आणि सगळ्यांना म्हणाला, "चला, माझ्यामागे या."

एकही हललं नाही. भीती वाटली की फेसाखाली जायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ते त्यानेच शिकवलं होतं. फेस चिखलाला टेकत चालला होता आणि पिल्लं त्याला अधिकच बिलगत होती. फक्त ते हट्टी पिल्लू प्रवाहाच्या तोंडाशी जाऊन थांबलं होतं.

माशाने ते पाहिलं. मग तो वळला आणि आयुष्यात कुणाला शिवू न दिलेल्या आपल्या घरावर स्वतःच तुटून पडला. शेपटीने फेस उधळला. जिकडेतिकडे बुडबुडे फुटले. आडोसा गेल्यावर पिल्लं सैरावैरा धावली. हट्टी पिल्लू पुढे निघालं, त्याच्यामागे बाकीची निघाली. मासा सर्वांत शेवटी निघाला. जी पिल्लं अशक्त होती ती चिखलातच राहिली. त्यांच्यासाठी तो दोनदा मागे गेला, तिसऱ्यांदा जायला पाणीच उरलं नव्हतं.

ओढ्यातल्या एका दगडाआड त्याने नवी जागा धरली. एकदा त्याच्या हद्दीवरून त्याचंच एक तांबूस पिल्लू बेधडक पोहत गेलं. सवयीने माशाचं तोंड उघडलं. त्याने ते मिटलं, फुललेले पंखही मिटले, आणि पिल्लू दिसेनासं होईपर्यंत तो बघत राहिला.

तात्पर्य: लेकरांना पंखाखाली घ्यावं, पण पंखाबाहेरची वाटही आपणच वेळेवर दाखवावी. आपली नजर त्यांना जन्मभर पुरत नाही.