‘बरं नाही’ म्हणणारी सगुणा

पुष्कळ जुनी गोष्ट आहे मुलांनो, आणि थोरांनीही ऐकावी अशी.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथे एक रीत होती. कुणी विचारलं, “कसं काय, बरं आहे ना?” की समोरच्याने हसून म्हणायचं, “देवाच्या दयेने सगळं छान!” दुसरं काही बोलणं म्हणजे गावावर संकट ओढवून घेणं, असं सगळे मानत.

त्या गावात सगुणा नावाची विणकरीण राहायची. एका उन्हाळ्यात तिच्या पोटात कळा येऊ लागल्या. तिची लेक तर तापाने अंथरुणाला खिळली. तरी सगुणा रोज हसून सांगत राहिली, “सगळं छान!”

एके सकाळी पोरीला पाणीही पचेना. सगुणा वैद्यांकडे निघाली. पारावर पाटील बसले होते. त्यांनी सवयीने विचारलं, “काय सगुणा, बरं आहे ना?”

सगुणा थांबली. तिच्याने हसवेना.

“नाही पाटील. बरं नाही. माझी लेक आजारी आहे, आणि मीही.”

“अगं, शुभ बोल!” पाटील ओरडले. एक म्हातारा कानावर हात ठेवून उठून गेला. दोघंतिघं खो खो हसली. पाराजवळून चाललेली गावची कुंभारीण मात्र ना रागावली, ना हसली. तिने नुसती मान खाली घातली आणि ती घाईघाईने निघून गेली.

वैद्यांनी औषध दिलं, पण गुण येईना. दुसऱ्या दिवशीही सगुणाने विचारणाऱ्या प्रत्येकाला खरंच सांगितलं. लोक तिला टाळू लागले. “आपलं चुकलं तर नाही ना?” असं तिला वाटू लागलं.

तिसऱ्या दिवशी कुंभारीण मागच्या दाराने आली. डोळे भरलेले.

“सगुणाताई, माझ्याही पोटात कळा येतात गं. माझ्या सासूच्याही. पण सांगणार कुणाला?”

सगुणाने तिचा हात धरला. दोघी मिळून घरोघर गेल्या. एकीने सांगितलं की दुसरीला धीर यायचा. तेव्हा कळलं, की अर्धं गाव आजारी होतं आणि अर्धं गाव हसत होतं! ते ऐकून वैद्य म्हणाले, “आजारी पडलेली सगळी घरं खालच्या विहिरीचं पाणी पितात.”

विहीर उपसली, तर तळाच्या गाळात मेलेलं कोल्हं सडत पडलेलं. विहीर स्वच्छ केली. तोवर सगळी झऱ्याचं पाणी उकळून प्याली. हळूहळू आजारी माणसं बरी झाली. सगुणाची लेक अंगणात खेळू लागली.

मग पाटील स्वतः सगुणाच्या दारी आले. पागोटं काढून म्हणाले, “पोरी, मी तुला गप्प करत होतो. माझी आई आज तुझ्यामुळे उठून बसली. तुझे उपकार कसे फेडू?”

सगुणाने शेजारी उभ्या असलेल्या कुंभारणीला पुढे केलं.

“माझे कसले उपकार? मी एकटीच बोलत राहिले असते, तर वेडी ठरले असते. ही आली, म्हणून माझं बोलणं खरं ठरलं. हात जोडायचे तर हिला जोडा.”

आणि तिने स्वतःच आधी हात जोडले.

तात्पर्य : खरं बोलायला एकाचं धैर्य लागतं, पण त्याच्या शेजारी येऊन उभा राहणारा दुसराही तितकाच धन्यवादाचा धनी असतो.