बादली

"काय शिकवलंत तुम्ही माझ्या पोरीला, जे मला शिकवता आलं न्हाई?"

कॅप्टन रेगे विमानाचं तेल तपासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आपण कोण?"

"तुळशीदास इंगवले. ऋतुजाचा बाप. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर. एक कुत्रं चिरडलं न्हाई."

रेगे आता वळले. माळावरच्या या धावपट्टीवर त्यांनी वीस वर्षांत बरीच पोरं उडवली होती, पण कुणाचा बाप असा भांडायला आला नव्हता.

"ऋतुजा कशी आहे?"

"मला काय म्हाईत? लांबच्या देशात मालाची विमानं चालवती. रविवारी फोन येतो, तो तिच्या आईला. तीन वर्षं झाली... माझ्याशी बोलत न्हाई."

"आणि तुम्ही?"

"काय बोलू ते सुचत न्हाई. जीप तिला मीच शिकवली, साहेब. एक दिवस तिच्या स्टिअरिंगवरनं हात काढला न्हाई मी. आणि ती तुमच्याकडं येऊन उडायला शिकली. मला न विचारता!"

रेगेंनी हात पुसले.

"बसा विमानात."

"मी?"

"शिकवलं काय, ते विचारलंत ना?"

विमान लहानसं, दोन माणसांचं. दोघांच्या पुढ्यात स्टिअरिंगसारखं एकेक चाक. चाक दिसताच इंगवल्यांच्या जिवात जीव आला. ते ऐटीत टेकून बसले.

विमान जमिनीवरून सरकू लागलं. वळण आलं. इंगवल्यांनी सराईतपणे चाक फिरवलं. विमान सरळच चाललं. त्यांनी आणखी फिरवलं, पार शेवटपर्यंत. एकतीस वर्षांच्या बिनअपघाती नोकरीनंतर गडी शंभर पावलांत गवतात शिरला.

रेगेंनी ब्रेक दाबला.

"जमिनीवर हे पायांनी वळतं, इंगवले."

"मग हे चाक कशाला?"

"वर गेल्यावर सांगतो."

वर गेल्यावर त्यांनी काही सांगितलं नाही. खाली शेतं लहान झाली, विमान सरळ रेषेत लागलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "विमान तुमच्याकडे. 'माझ्याकडे' म्हणा. तसं म्हटल्याशिवाय मी सोडत नाही."

"माझ्याकडं."

इंगवल्यांनी चाक घाटात धरावं तसं धरलं. विमानाचं नाक वर गेलं. त्यांनी दाबलं, ते खाली गेलं. ओढलं, पुन्हा वर.

"सोडा."

"पडंल!"

"सोडा."

"साहेब, माझा जीव..."

"माझाही इथेच आहे. सोडा."

एकेक बोट सुटलं. नाक दोनदा वरखाली झालं... आणि विमान शांतपणे सरळ चालू लागलं.

इंगवले मांडीवरच्या आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले. म्हणाले, "जीप शिकताना ती म्हणायची, बाबा, जरा हात काढा. मला वाटायचं, पोर माजली."

"माझ्याकडे," म्हणत रेगेंनी विमान धावपट्टीकडे वळवलं.

खाली उतरल्यावर इंगवल्यांची नजर शेडच्या भिंतीवर गेली. खिळ्याला एक पत्र्याची बादली टांगलेली होती.

"हीच का ती? तिची आई सांगत होती."

"हीच."

पहिल्यांदा एकटं उडून जो खाली उतरतो, त्याच्या डोक्यावर इथे बादलीभर पाणी ओततात. ओतायचं ते घरच्या माणसानं. त्या दिवशी बापाला बोलवायला ऋतुजानं तीनदा फोन केला होता.

"मी घरीच होतो," इंगवले म्हणाले. "काम काय न्हवतं. फोन वाजत होता, मी पेपर वाचत बसलो. वाचत तरी कुठं होतो..." त्यांनी बादलीवरून बोट फिरवलं. "पाणी कुणी ओतलं मग?"

"मी उचलली होती बादली. म्हणाली, थांबा सर, बाबा येतील. पाच वाजेपर्यंत फाटकाकडे बघत उभी होती. मग पाणी त्या करंजाच्या झाडाला घातलं आणि बादली धुऊन जागेवर लावली."

"कुठं उभी होती?"

रेगेंनी बोट दाखवलं.

इंगवल्यांनी बादली काढली. नळावर काठोकाठ भरली. थेंब न सांडता त्या जागेपर्यंत नेली, छातीपर्यंत उचलली आणि तसेच उभे राहिले.

समोर कुणी नव्हतं. माळावरचा वारा तेवढा होता.

बादली जड होत गेली. पाणी शर्टावर हिंदकळलं.

"साहेब... आता हिचं काय करू? ठिवू खाली?"

रेगे त्यांच्याजवळ आले.

"नाही, इंगवले. ती येईपर्यंत ही सोडू नका."