नळीतली काजळी

गावोगावी बंदुका नुकत्याच पोचल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. दावल कारागिराच्या दुकानात एक नवं पिस्तूल विकायला होतं. प्रत्येक पिस्तूल परसातल्या दगडाला बांधून, दुप्पट दारू भरून उडवायचं आणि मगच विकायचं, अशी दावलची रीत होती. म्हणून या पिस्तुलाच्या नळीत थोडी काजळी राहिली होती.

सकाळी एक गिऱ्हाईक आलं. त्यानं नळीत डोकावून नाक मुरडलं. "हे कुणीतरी वापरलेलं दिसतंय. मला कोरं हवं," असं म्हणून ते निघून गेलं.

पिस्तूल खट्टू झालं. कुणी घेतलं नाही, तर भट्टीत घालून आपले विळे करतील, अशी त्याला धास्ती होती. दावल जेवायला गेल्यावर ते तेलाच्या फडक्याला म्हणालं, "फडकेताई, मला आतून लख्ख पुसा ना!"

"अरे, ती काजळी दावलनं मुद्दाम ठेवलीय."

"ठेवू दे! काळं तोंड घेऊन मी कुठवर बसू?"

फडक्यानं नळी पुसून काढली.

दुपारी जंगलाचे राखणदार गुणाजीबुवा आले. त्यांनी नळीत करंगळी फिरवली. ती स्वच्छ निघाली.

"काय रे दावल, न उडवताच विकतोस? माझ्या हातात फुटलं म्हणजे?"

दावल गोंधळला. त्यानं पिस्तूल पुन्हा दगडाला बांधलं. मोठा बार झाला. बुवांनी परत करंगळी फिरवली आणि काळं बोट पाहून ते हसले.

पिस्तूल त्यांच्या कमरेला लागलं, तेव्हा फडक्यानं विचारलं, "जाता जाता पुसू का रे?"

"नको, ताई," पिस्तूल म्हणालं. "एवढं असू दे."