दोनदा वाचलेला आराखडा

शिष्यवृत्तीसह पीएच.डी.ची एकच जागा होती आणि विभागप्रमुख दाभाडकरांनी ती मनातल्या मनात भाच्याला देऊन टाकली होती. मुलाखतीला शहनाज मुजावर आली, तेव्हा त्यांनी तिचा लिफाफा टेबलावर आपटला.

"मुजावरबाई, तुमचा आराखडा मी दोनदा वाचला. अगदीच उथळ! संदर्भसुद्धा चुकलेत."

शेजारच्या वृद्ध निमकर सरांनी सवयीने मान डोलावली.

"माफ करा सर," शहनाज म्हणाली, "लिफाफ्यात चुकून बहिणीची लग्नपत्रिका गेलीय. आराखडा आज आणलाय. पत्रिकेत काय चुकलंय?"

निमकर सर हादरले. त्यांनी तो बंद लिफाफा फोडला. आत खरोखरच पत्रिका होती!

"दे बाळ इकडे," निमकर सर ओशाळून म्हणाले. "निदान मी तरी एकदा वाचतो."