माळंबीच्या सभागृहाचे गेलेले दार

माळंबी नगरपालिकेच्या सभागृहाला चौकट आहे, उंबरा आहे, पण दार नाही. वारा थेट आत शिरतो, म्हणून नगरसेवक आपापले कागद नदीतल्या गोट्यांखाली दाबून ठेवतात. पाहुणे रिकाम्या चौकटीवरून हात फिरवू लागले, की नगरपालिकेतले जुने शिपाई दगडूतात्या हसून म्हणतात, "चोरीला नाही गेलं हो. नदीवर गेलं!" आणि मग ते सांगू लागतात.

नगरपालिका नवी होती तेव्हाची गोष्ट. प्रत्येक पेठेचा एक सभासद होता. फक्त नदीपलीकडच्या बुरूड आळीचा कोणी नव्हता. ती आळी गावाच्या हद्दीत धरायची की नाही, यावरच वर्षानुवर्षे वाद चाले. हद्दीत नाही म्हणून पूल नाही. येण्याजाण्याला एक बांबूचा तराफा, तेवढाच.

श्रावणातल्या एका दुपारी अखेर मतदान ठरले. आळीतली सर्जाबाई निकाल ऐकायला आली. पण मतदान दार लावून करायचे, असा नियम होता. ती उंबऱ्याबाहेर टोपली विणत बसली, असे सांगतात. हात कामात, कान दाराकडे.

एकाएकी नदीवरून आरडाओरडा उठला. वर डोंगरात ढगफुटी झाली होती. तराफा वाहून गेला होता. पाणी आळीत घुसले होते आणि माणसे पलीकडच्या टेकाडावर चढून हात हलवत होती. त्यांतच सर्जाची लेक पारू होती, बाळंतपणाला माहेरी आलेली. सर्जाने टोपली फेकली. तिने दोन्ही मुठींनी दार बडवले.

"बाई, दम धर!" आतून आवाज आला. "मतं मोजतोय!"

"मतं राहू द्या, दार द्या मला!"

आत हशा पिकला. "आज दार मागतेय, उद्या कौलं मागेल!"

"दार द्या, मालक! माझी पारू पाण्यात हाय!"

हशा विरला. नगराध्यक्ष केरोबा शेटे यांनी अडसर काढला आणि नदी पाहिली. "पहारी आणा!" ते ओरडले. घटकेपूर्वी एकमेकांवर खेकसणाऱ्या सभासदांनी खांद्याला खांदा लावून दोन्ही सागवानी कवाडे उपटली. बाजारातल्या मांडवांचे बांबू आले. सर्जाच्या बोटांनी ते काथ्याने असे काही आवळले, की नवा तराफा तयार! ती पुढे बसली, केरोबा मागे.

"शेट, पाण्याशी भांडू नका. त्याच्या कलानं घ्या."

खेपांवर खेपा झाल्या. पहिल्याच खेपेला पारूला आणता आले असते, पण सर्जाने आधी लेकरे आणि म्हातारी माणसे घेतली, म्हणे. पारू शेवटच्या खेपेला आली. तेव्हाही निघण्याआधी सर्जाने वळून हाक दिली, "कोनी ऱ्हायलं का हो मागं?"

काठावर पारूचा पाय टेकला आणि काथ्या तुटला. कवाडे गरगरत वाहून गेली.

सगळे भिजलेले सभागृहात शिरले. सर्जा मात्र सवयीने उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आत या, सर्जाबाई," केरोबा म्हणाले.

"मी हद्दीबाहेरची, शेट."

"हद्द या दाराशीच होती. दार गेलं."

मते पुन्हा मोजावी लागली नाहीत. बुरूड आळीची पहिली सभासद सर्जाबाईच झाली, असे म्हणतात.

आजही माळंबीत सभा भरते, तेव्हा बुरूड आळीचा नगरसेवक सर्वांत आधी उंबरा ओलांडतो आणि बाहेर वळून मोठ्याने विचारतो, "कोणी राहिलं का हो मागं?" बाहेरून शिपायाचे 'कोणी नाही!' असे उत्तर आल्याशिवाय सभा सुरू होत नाही.