साळुंकीला विचारलं

धाकटी मुक्ता घाबरते, म्हणून ही गोष्ट सांगायची नाही असं मला आत्यानं बजावलं होतं. तरी सांगते.

फार पूर्वी एका माळावर एक साळुंकी राहायची. पाणी कुठे, बोरं कुठे, काहीही विचारलं तरी ती लगेच सांगायची आणि बदल्यात काही मागायची नाही.

एकदा सशिणीनं विचारलं, "साळुंकीताई, पिलांना मऊ गवत कुठे मिळेल गं?"

"ओढ्यापलीकडे. किती पिलं?"

"तीन. कालच झाली. बोरीखाली आहेत."

गवत घेऊन परतताना सशिणीला कोल्ह्याचा आवाज ऐकू आला. "साळुंकीबाई, आज मऊ गवत कुणी विचारलं?"

"सशिणीनं. तीन पिलं आहेत, बोरीखाली," साळुंकी तितक्याच गोड आवाजात म्हणाली.

कोल्हा निघाला. सशीण ओरडली, "अगं, त्याला का सांगितलंस?"

"त्यानं विचारलं. तुलाही सांगतेच ना?"

सशीण जवळच्या वाटेनं धावत कोल्ह्याआधी बोरीपाशी पोहोचली. पण पिलांना न्यायचं कुठे? आजवर प्रत्येक जागा तिनं साळुंकीलाच विचारली होती. मागे पाचोळा वाजला. वर साळुंकी येऊन बसली आणि प्रेमानं म्हणाली, "लपायला जागा हवी का गं?" सशिणीनं वर पाहिलं, तोंड उघडलं आणि... थांबा, आत्या हाक मारतेय. आले गं आत्या, आले!