खिंडीतली पहिली चिमूट

फार पूर्वी शाल्मली नगरात अरिंदम राजा राज्य करीत होता, पण तो नुसता नावाला. कारभार कोणत्या पक्षाने पाहायचा हे प्रजाच ठरवी. सभेपुढे प्रत्येक पक्षाचे मडके मांडलेले असे आणि लोक आपली काडी हव्या त्या मडक्यात टाकीत. त्या काळी बोधिसत्त्व क्षेमंकर या नावाने एका पक्षाचा प्रमुख होता.

शाल्मलीत मीठ पिकत नसे. ते घाटापलीकडच्या शेजारदेशातून बैलांवर लादून येई. दरवर्षी पहिला तांडा खिंडीत आला की नगरातल्या मानकऱ्याने पहिल्या गोणीतली चिमूट सर्वांदेखत खायची आणि मगच मीठ खाली उतरायचे, अशी रीत होती. त्या वर्षी मान क्षेमंकराचा होता. पण काड्या टाकण्याचा दिवस तोंडावर आला होता आणि गावोगाव त्याच्या सभा होत्या. "तुम्ही कशाला घाट चढता? मी जातो की," पक्षाचा मसलतगार वंकट म्हणाला. क्षेमंकराने त्याला पाठवले आणि तिथेच घात झाला.

वंकटाने चिमूट तोंडात टाकली आणि सगळ्यांसमोर थुंकली. "विष आहे हो, विष! शेजारी आपल्या जिवावर उठलेत! क्षेमंकराचा पक्ष हे मीठ नगरात येऊ देणार नाही!"

तांडा खिंडीत अडला. नगरात मात्र क्षेमंकराचा जयजयकार सुरू झाला.

क्षेमंकराने जाब विचारला तेव्हा वंकट हसला. "मीठ चांगलंच आहे. पण लोक घाबरले की काड्या आपल्याकडेच पडतात. एकदा निवडून आलो की घाट उघडू. तेव्हा कोण विचारतंय!"

इतक्यात उत्पला गवळण दारात आली. "दादा, तुमच्या पक्षानं सांगितलं म्हणून घरातलं साठवलेलं मीठसुद्धा मी नदीत ओतलं. आता गाई भिंती चाटतात, माझे घामाचे हात चाटतात. कपिला कालपासून उठली नाही. पण असू दे. तुमचा शब्द आहे म्हटल्यावर काढू आम्ही दिवस."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसता विश्वास होता. क्षेमंकराला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

काड्या टाकण्याच्या दिवशी तो सभेपुढे उभा राहिला. "मिठात विष नाही. माझ्या पक्षानं तुम्हाला फसवलं. चिमूट खायला मी जायला हवं होतं, गेलो नाही. शेजाऱ्यांशी आपलं एकच भांडण आहे, मीठ मोजायचं त्यांचं माप लहान आहे. ते मी त्यांच्या तोंडावर भांडेन. पण त्यांच्या माथी खोटं मारून मला तुमची काडी नको."

"अहो, हातातला डाव घालवलात!" वंकट कपाळ बडवून ओरडला.

क्षेमंकर घाटाची वाट चढू लागला. लोक चिडले होते, काहीजण तर शिव्या देत होते; पण हातातल्या काड्या तशाच धरून सगळे त्याच्या मागे निघाले.

खिंडीत तांड्याचा नायक पिंगल रागाने लाल होऊन उभा होता. क्षेमंकराने त्याच्यापुढे हात जोडले. "चूक आमची. तुमच्या मिठाला आम्ही बदनाम केलं." मग पहिल्या गोणीतली चिमूट त्याने तोंडात टाकली आणि गिळली.

"मापाची तुमची तक्रार आम्ही कधी ऐकली नाही," पिंगल म्हणाला, "कारण तुमच्या शब्दावर आमचा भरवसा नव्हता. जो माणूस आपल्याच लोकांपुढे आपलं खोटं कबूल करतो, त्याच्याशी मी लबाडी कशी करू?" त्याने आपले लहान माप दगडावर आपटून फोडले. "आजपासून तुमच्या मापानं मोजा!"

मग काय विचारता! बैलांच्या घंटा वाजवीत तांडा घाट उतरला, पुढे लेझीम, मागे सारे नगर. उत्पलेने कपिलेच्या तोंडाशी मीठ धरले. कपिलेने चाटले, आणखी चाटले आणि संध्याकाळी ती धडपडत उठून उभी राहिली. उत्पला तिच्या गळ्यात पडून रडली, आणि डोळे पुसून काडी टाकायला धावली. क्षेमंकराचे मडके भरून काड्या बाहेर सांडत होत्या. तिची काडी त्यात मावेना, म्हणून तिने ती त्याच्या हातातच दिली.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा वंकट म्हणजे संघात खोटी कुजबुज पसरवून काल पकडला गेलेला तो भिक्षू. पिंगल म्हणजे विहाराला धान्य पुरवणारा, दाराशी बसलेला हा परदेशी उपासक. उत्पला म्हणजे ती म्हातारी भिक्षुणी, जी अजून गाय दिसली की थांबते. आणि क्षेमंकर मीच होतो. बुद्धत्वाकडे नेणाऱ्या गुणांपैकी जी पारमिता मी त्या जन्मी पूर्ण केली ती सत्याची."

दाराशी बसलेल्या उपासकाने डोळे पुसले.